नऊ शब्द

१६ जून

आत्या,

तुला वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत ते आधीच विचारून घेते, नाहीतर पुढच्या पत्रात माझे कान उपटशील.

एक गोष्ट वर्षभर लपवून ठेवली होती, ती आज सांगते. मी एम.एड. करतेय. पहिलं वर्ष निघालं म्हणून सांगायची हिंमत झाली, नसतं निघालं तर कुणाला पत्ता लागू दिला नसता. वर्गात बाकीच्या पोरी तेवीस-चोविसाच्या. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं प्राध्यापिका आल्या. मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा एकीला इतकं हसू फुटलं की तिने पिशवीतच तोंड घातलं. बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी होणं सोपं नाही गं.

का करतेय ते तुला ठाऊकच आहे. सतरा वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळतेय. मोठ्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतील आणि त्यांच्या खुर्चीला आता ही पदवी लागते. मागे उपमुख्याध्यापिकेची जागा निघाली तेव्हा माझ्या हाताखाली काम शिकलेली पोरगी वर गेली, आणि तिच्या सत्काराची फुलं आणायला मला पाठवलं. मी हसत हसत आणली. पुन्हा आणणार नाही.

या वर्षी प्रबंध आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी मी स्वतः एक पद्धत बसवलीय. तिसरीच्या दोन तुकड्यांतून अशी चोवीस मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकून बारा-बारांचे दोन गट केले. एका गटाला रोज अर्धा तास जिन्याखालच्या खेळाच्या खोलीत माझ्या पद्धतीने शिकवायचं, सोळा आठवडे. आधी आणि नंतर, एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचतात ते मोजायचं. मार्गदर्शक सर म्हणाले, "झकास आहे. फक्त काटेकोर राहा." काटेकोरपणात मी कुणाला ऐकणार नाही, तुझीच भाची आहे.

तुझी,
बारकी

२७ जून

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी दरवेळी लिहीत बसत नाही. गुडघे जागेवर आहेत, कुरकुरतात पण चालतात.

वर्षभर लपवलंस! मी काय तुला ओरडले असते? बरं, ओरडले असते, पण मग पाठही थोपटली असती. घराण्यात पहिली तू. आमच्या वेळी शिकवायला फार शिकावं लागत नसे, फळा आणि घसा एवढंच भांडवल. मंगळवारी आम्ही सहाजणी निवृत्त मास्तरणी जमतो. चहा कमी, तक्रारी जास्त. तिथे मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या पिशवीत तोंड घातलेल्या पोरीवर सगळ्या खो-खो हसल्या. शिवणाच्या बाईंना मात्र हेवा वाटला, मला स्पष्ट दिसला.

एक कळलं नाही. एका गटाला तू शिकवणार. मग दुसऱ्या गटातली बारा पोरं काय माशा मारणार? नीट समजावून लिही, मंगळवारी मला विचारतील.

आत्या

९ सप्टेंबर

आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. शाळा, मग कॉलेज, मग घर. जेवताना डोळे मिटतात.

तुझी बारा पोरं माशा मारत नाहीत. त्यांना वर्गाचे नेहमीचे तास असतातच, फक्त माझा तो जादा अर्धा तास नसतो. तेवढा वेळ ती चित्रं रंगवतात. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय माझ्या पद्धतीने फरक पडला हे सिद्ध कसं होणार? त्याला नियंत्रित गट म्हणतात. प्रयोग संपला की त्यांनाही शिकवायचं, तसं मी कागदावर लिहून दिलंय.

त्यात एक आहे, तिला सगळे खारूताई म्हणतात. खोडरबराचे तुकडे, पेन्सिलींची टोकं, तुटकी बटणं, काय सापडेल ते फ्रॉकच्या खिशात साठवते. आई शर्टांच्या कारखान्यात शिवायला जाते, बटणं बहुतेक तिथली. रोज मला विचारते, "बाई, माझा नंबर कधी?" मी सांगते, चाचणी झाली की. मान हलवते आणि जाऊन रंगवत बसते. गुणी पोर आहे.

मध्ये थोडा गोंधळ झाला होता. दोन मैत्रिणी फार एकमेकींच्या मागे मागे असायच्या. मी त्यांची बाकं बदलून टाकली. आता सुरळीत चाललंय.

तुझी,
बारकी

२० सप्टेंबर

बारके,

तुझी बाकं बदलायची युक्ती मी मंगळवारी सगळ्यांना सांगितली. म्हटलं, नुसती पदवी घेत नाहीये, वर्गावर नजरही आहे पोरीची. बडबड्या जोडीला वेगळं केलं की दोघींचं भलं होतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली होती. शिवणाच्या बाईसुद्धा म्हणाल्या, "हाडाची शिक्षिका आहे हो तुमची भाची." मी किती फुगले असेन ते तूच समज.

त्या खारूताईचं पुढे काय झालं ते कळव. मला ती फार आवडली. आमच्याकडे जुन्या शर्टांची बटणं डबाभर पडलीत, तिला पाठवू का?

आत्या

२८ एप्रिल

आत्या,

प्रबंध झाला. तोंडी परीक्षा झाली. प्रथम श्रेणी मिळाली. पदवी जुलैमध्ये हातात येईल. मोठ्या बाईंनी अर्ज तयार ठेवायला सांगितलाय.

बटणं पाठवू नकोस.

बारकी

६ मे

बारके,

हे पत्र आहे की तार? सात महिने गप्प, आणि एवढी मोठी बातमी पाच ओळींत! तुझं लग्न ठरलं तेव्हा तू मला अकरा पानं लिहिली होतीस, त्यातली चार नुसती सासूबाईंच्या नथीवर. आणि आज प्रथम श्रेणी मिळवून मूग गिळून बसलीस?

शिवाय मी त्या पोरीचं विचारलं, तर उत्तर काय, की बटणं पाठवू नकोस. मी पस्तीस वर्षं पोरं हाताळलीत. चोरी केलेलं पोर नेमकं असंच बोलतं, विचारलेलं सोडून भलतंच. काय झालंय ते सरळ लिही. मी मंगळवारी पेढे वाटायला निघाले होते, ते थांबवलेत.

आत्या

१५ मे

आत्या,

बरं झालं थांबवलेस. सगळं लिहिते. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.

ज्या दोन मैत्रिणींची बाकं मी बदलली, त्या बडबड्या नव्हत्या. एक खारूताई. दुसरीला आम्ही मॅनेजर म्हणतो, कारण ती सगळ्या वर्गाला कामाला लावते. मॅनेजर माझ्या शिकवायच्या गटात होती. मी खेळाच्या खोलीत जे शिकवायची, ते ती मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी खारूताईला शिकवायची. बोट ओलं करायचं, भिंतीवर शब्द काढायचा, वाळायच्या आत तो वाचायचा. रोज. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पोरींनी आपली आपण शाळा काढली होती.

सुरुवातीच्या चाचणीत खारूताईने मिनिटाला अकरा शब्द वाचले होते. ऑगस्टअखेर मध्येच मोजलं तर एकोणतीस! मला आनंद झाला, आत्या, खरंच झाला, देवाशपथ. धावत जाऊन सरांना दाखवलं. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मग ही नियंत्रित गटात राहिली कुठे? गट मिसळले तर परीक्षक प्रबंध परत पाठवतील. बघा काय करायचं ते." तिला गटातून काढावं तर सगळी मांडणी बाराच्या हिशेबाने झालेली. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर वर्ष गेलं आणि खुर्चीही गेली.

सर एवढंच बोलले. पुढचं सगळं मी केलं. बाकं बदलली. दोघींची मधली सुट्टी वेगळी केली. आणि दुसऱ्या दिवशी खारूताईला नळापाशी गाठून म्हटलं, "मॅनेजरकडून काही शिकायचं नाही. कळलं?" ती म्हणाली, "का बाई?" मी काय सांगणार होते? माझा प्रबंध बिघडतो म्हणून? मी म्हटलं, "कारण ते चुकीचं आहे." तिने भिंतीवरचा अर्धा शब्द फ्रॉकने पुसला आणि वर्गात निघून गेली.

शिकू नकोस असं सांगितलं गं मी एका मुलाला. सतरा वर्षांत कुणाला छडी लावली नाही, आणि हे केलं.

शेवटच्या चाचणीत तिने नऊ शब्द वाचले. एकोणतीसवरून नऊ. सुरुवातीपेक्षाही कमी. ओठ घट्ट मिटून बसली होती, मध्येच एखादा शब्द सोडायची, पुढच्याकडे जायची. मला वाटलं विसरली बिचारी, सराव तुटला. मी नऊ लिहिले, खाली सही केली. आणि, कसं सांगू, लिहिताना मला हायसं वाटलं.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक गटांची माहिती दिलेलं पान उघडून म्हणाले, "गट वेगळे राखण्याची दक्षता वाखाणण्यासारखी आहे. अनुभवी शिक्षिका अशी काटेकोर असते." तेव्हा तोंड उघडायची वेळ होती. मी म्हटलं, "आभारी आहे, सर."

प्रयोग संपल्यावर लगेच त्या बारा जणांना घ्यायचं कबूल केलं होतं. पण तक्ते होते, टायपिंग होतं, मी जानेवारीवर ढकललं. जानेवारीत अकराच उरली. त्यांना मनापासून शिकवलं. खारूताईच्या आईला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात काम लागलं, डिसेंबरात त्यांनी घर बदललं आणि शाळाही. जायच्या दिवशी दाखला घ्यायला आली होती, तेव्हासुद्धा तिने विचारलं, "बाई, आता माझा नंबर?" मी कपाटात कागद शोधत असल्यासारखं केलं.

तू हाडाची शिक्षिका असं लिहिलेलं वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून सात महिने लिहिलं नाही.

बारकी

२४ मे

बारके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही रागच आला. तिसऱ्यांदा लाज वाटली, तुझी आणि माझी दोघींची, कारण बाकं बदलल्याचा डांगोरा मी पिटला होता.

मी काही तुला "जाऊ दे, होतं असं" म्हणणार नाही. होत नाही असं. मी काय कमी चुका केल्या? पोरांना कोपऱ्यात उभं केलं, वह्या भिरकावल्या, एकाला तर नुसत्या खोकण्यावरून वर्गाबाहेर काढलं. पण शिकणाऱ्याला शिकू नकोस म्हटलं नाही. लोक म्हणतात आत्याबाईंनी एका खोलीत चाळीस पोरं एकटीने शिकवली. साफ खोटं आहे. वीस मी शिकवली, उरलेली वीस त्या विसांनी शिकवली. माझी सगळी नोकरी त्या पोरांच्या जिवावर झाली. त्याला चुकीचं म्हणणारं असलं शास्त्र तुझं तुलाच लखलाभ.

मंगळवारी मी जाऊन खरं काय ते सांगितलं. शिवणाच्या बाई नुसता चहा ओतत राहिल्या. ते बोलण्याहून वाईट होतं. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, तुला ठाऊक असावं म्हणून सांगते.

आता मला पानंच्या पानं लिहून काय उपयोग? मी काय ती पोर आहे? दाखल्यांच्या नोंदवहीत नव्या शाळेचं नाव असेल. पत्ता काढ, घरी जा. तिच्या आईसमोर बस आणि तिला सांग. आणि तिथे जाऊन रडू नकोस. पोरं घाबरतात आणि मग आपल्यालाच समजावत बसतात. ते झाल्याशिवाय मला पत्र टाकू नकोस.

आत्या

१० जून

आत्या,

जाऊन आले. रडले नाही तिथे. परत येताना बसमध्ये रडले, तेवढं माफ कर.

आधी दुसरी गोष्ट सांगते. विभागाला मी लेखी कळवलंय, की माझ्या प्रबंधातली नियंत्रित गटाची बारावी नोंद, म्हणजे खारूताईची, खोटी आहे आणि तिला मी कारण आहे. सरांचा फोन आला. "एका मुलीने निष्कर्ष बदलत नाही हो! वेड लागलंय का तुम्हाला?" आकड्यांत ते बरोबर असतील. पदवी रोखतील, का नुसती समज देतील, कळेल महिन्याभरात. मोठ्या बाईंना अर्ज देणार नाही म्हणून सांगून टाकलं. खुर्चीचा मोह सुटलाय असं लिहिलं तर ते खोटं होईल. फुलं आणायला पुन्हा मलाच पाठवतील, आणि या वेळी हसू यायचं नाही.

ती नोंद खोटी कशी, ते मला परवाच कळलं. ऐक.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, अरुंद लोखंडी जिना. रविवार होता म्हणून आई घरी होती. मला बघून इतकी खूश झाली, की मला वर बघवेना. एकुलती एक खुर्ची मला दिली आणि स्वतः शिवणयंत्राच्या पेटीवर बसली. खारूताई खाली बसून वाचत होती. मला बघताच तिने पुस्तक मांडीखाली सरकवलं.

आई म्हणाली, "बरं झालं आलात, बाई. नव्या शाळेत म्हणतात पोर मंद आहे. वाचता वाचता मधले शब्द गाळते. मला तर वाचता येत नाही, मी काय सांगणार? तिला विचारलं तर गप्प."

मी खाली तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, मला वाचून दाखवशील? तिने आईकडे बघितलं, मग पुस्तक काढलं. वाचायला लागली. दोन शब्द वाचायची, एक सोडायची, चार वाचायची, एक सोडायची. अडखळत नव्हती गं. अडलेलं पोर कसं थांबतं ते मला ठाऊक आहे, तोंड हलतं, बोट घुटमळतं. ही तशी थांबतच नव्हती. खड्डा ओलांडावा तशी शब्द ओलांडत होती. रस्ता सोडला. पुस्तक सोडला. मित्र सोडला. आणि ते सगळे माझे शब्द होते, खेळाच्या खोलीतले.

मी रस्ता या शब्दावर बोट ठेवलं. "हा येतो तुला?"

तिने मान हलवली. येतो.

"मग वाचत का नाहीस?"

"तो मॅनेजरने शिकवलाय."

"मग?"

"मग ते चुकीचं आहे ना, बाई." आणि मला खूश करायला जरा पुढे सरकून म्हणाली, "चाचणीतपण मी सगळे सोडले होते. एकसुद्धा वाचला नाही."

शाबासकी मिळेल म्हणून माझ्याकडे बघत होती, आत्या. नऊ महिने ती पोर येणारे शब्द सोडत होती, नव्या शाळेत मंद म्हणवून घेत होती, आणि तिला वाटत होतं की ती माझं ऐकतेय. तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिच्या आईसमोर तिला सांगितलं. ते शब्द तुझेच आहेत, मॅनेजरने शिकवलं ते बरोबर होतं, तू शिकलीस ते बरोबर होतं, चुकीची मी होते. तीन-चारदा सांगितलं. नव्या शाळेच्या बाईंनाही शाळा उघडली की जाऊन सांगते म्हटलं. मघाशी आईने चहाचं आधण ठेवलं होतं, ते तिने उतरवून ठेवलं. चहा दिला नाही. तिचं बरोबर होतं.

खारूताईने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मग तेव्हा चुकीचं का म्हणालात?"

तू सांगितलं होतंस, सरळ बोल. मी सरळ बोलले. "मला एक परीक्षा द्यायची होती. तू वाचायला शिकली असतीस तर मी नापास झाले असते."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. बाईंनापण परीक्षा असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. रागावेल असं वाटलं, रडेल असं वाटलं. मी तयार होते. ती माझा हात धरून, अगदी काळजीने म्हणाली, "मग झालात का पास?"

मी म्हटलं, "झाले."

तिने टाळ्या वाजवल्या, आत्या.

बारकी